पाहुण्यांची शाकाहारी पंगत
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्याव्यासंग, उद्योगधंदा, विवाहप्रश्न अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे होत असतात. त्या मालिकेत चुलीपाशचा विषय घेऊन उभे राहणे हे थोडे धाडसाचे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु मनुष्याच्या आतिथ्याची खरी परीक्षा व्यासपीठावर होत नाही, ती पानावर होते. म्हणून आपण मला अर्धा तास द्यावा, अशी विनंती आहे.

चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरचे जेवण म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मटण, कोलंबी आणि सोडे उभे राहतात. ही कीर्ती आपण आनंदाने मिरवतो आणि ती मिरवण्यात गैर काहीच नाही. अडचण उत्पन्न होते ती निराळ्या ठिकाणी. आज आपल्या घरांतून शाकाहारी कुटुंबांतील सुना आल्या आहेत, जावई आले आहेत. शेजारी, कचेरीतील सहकारी, मुलांचे मित्र येतात. अशा वेळी पुष्कळ घरांत काय घडते? बाकीच्यांसाठी दोन दिवस आधीपासून तयारी चालते, आणि शाकाहारी पाहुण्याच्या पानात बटाट्याची भाजी व दहीभात पडतो. तो बिचारा सौजन्याने ‘छान झाले आहे’ म्हणतो आणि उठतो. त्याला आपण जेवू घातले. त्याचे आतिथ्य मात्र केले नाही.

याच्या उलट टोकाची गोष्टही दृष्टीस पडते. समारंभ पूर्ण शाकाहारी करायचा ठरला, की ‘मग जेवणात राहिले काय?’ असा उद्गार निघतो, आणि ते रितेपण भरून काढण्यासाठी आचाऱ्याकडून पनीरचे तीन प्रकार मागविले जातात. तिन्हींचा रस्सा एकाच चवीचा, तिन्ही तुपाळ. चार घासांत जीभ कंटाळते. ह्या दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही, की शाकाहारी जेवण म्हणजे नेहमीच्या जेवणातून काहीतरी वजा केलेले जेवण. ही समजूत आपल्याच परंपरेला धरून नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्या आज्या-पणज्यांचे वर्ष आठवून पाहा. किनाऱ्यावर पावसाळ्यात दर्या खवळतो, होड्या बंदरात राहतात; आजही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै ह्या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यापाठोपाठ श्रावण येतो आणि अनेक घरांतून महिनाभर मासळी वर्ज्य होते. त्यात सोमवार, मंगळागौर, गणपती, गौरी यांचे नैवेद्य. म्हणजे मत्स्याहारी म्हणविणाऱ्या ह्या घरांनी वर्षातील एक मोठा हिस्सा संपूर्ण शाकाहारी पाकसिद्धी केली, आणि ती मन मारून केली नाही. वालाचे बिरडे, अळूवडी, कोबीचे भानोले, निनावे, खाजाचे कानवले हे सारे आपलेच. भानोल्याचे उदाहरण घ्या: ते कोलंबी घालून होते आणि नुसत्या कोबीचेही होते, नुसत्या कोबीचे खाताना कोणालाही कशाची उणीव भासत नाही.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. पहिला नियम असा, की पंगतीला एक नायक असावा. दहा भाज्या मांडल्याने जेवण मोठे होत नाही. एक पदार्थ असा हवा, की ज्यासाठी भात कालविला जावा आणि दुसऱ्यांदा मागितला जावा. आपल्याकडे हा मान निर्विवादपणे बिरड्याचा. दुसरा नियम असा, की इतर पदार्थांनी नायकाची नक्कल करू नये. बिरडे मऊ आणि रसदार, म्हणून जोडीला अळूवडी कुरकुरीत हवी. बिरड्यात खोबरे आहे, म्हणून दुसऱ्या भाजीत ते नको. जेवण जड आहे, म्हणून काकडीची कोशिंबीर आणि आमसुलाची सोलकढी हवी. आंबट, तिखट, गोड, कुरकुरीत आणि थंड ह्या पाच गोष्टी पानावर आल्या, की पंगत पूर्ण झाली.

पंचवीस माणसांसाठी माझे प्रमाण असे आहे. कडवे वाल सव्वा किलो. ते भिजून, मोड येऊन, सोलल्यावर जवळजवळ दुप्पट होतात. तांदूळ दोन किलो. साध्या वरणासाठी तुरीची डाळ पाऊण किलो. माणशी चार पुऱ्यांच्या हिशेबाने दीड किलो कणीक. अळूच्या सहा-सात पानांच्या एका गुंडाळीतून दहा-बारा वड्या निघतात. माणशी तीन धरल्यास सात गुंडाळ्या पुरतात. अळू घशाला खाजू नये म्हणून चिंचेचा कोळ सढळ हाताने घालावा. कोशिंबिरीला काकडी दोन किलो. सोलकढीसाठी सहा नारळ. निनाव्याच्या माणशी दोन वड्या. ह्यापेक्षा अधिक पदार्थ करण्याचा मोह आवरावा. उरलेले अन्न टाकून देण्यात वैभव नाही. प्रत्येकाला हवे ते पुन्हा वाढता येण्यात आहे.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. रविवारी दुपारी पंगत असेल तर शुक्रवारी सकाळी वाल भिजत घालावेत, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधावेत. शनिवारी रात्रीपर्यंत मोड येतात; थंडीच्या दिवसांत अधिक अवकाश धरावा. मग कोमट पाण्यात टाकून सोलावेत आणि शीतकपाटात ठेवावेत. निनावे शनिवारीच करावे. डाळीचे पीठ, थोडी कणीक, गूळ, नारळाचे दूध आणि तूप यांचा हा पदार्थ निवल्यावर अधिक चांगला लागतो. अळूच्या गुंडाळ्या शनिवारी उकडून ठेवाव्यात आणि वाढण्यापूर्वी तळाव्यात. रविवारी सकाळी बिरडे शिजविताना पातेल्यावर पाण्याचे ताट ठेवावे, तेच गरम पाणी आत घालावे आणि पळीने फार ढवळू नये, नाहीतर दाणे मोडतात. वाल मात्र पूर्ण शिजले पाहिजेत. कच्चे राहिले तर पोटाला बाधतात. सोलकढी सर्वांत शेवटी करावी, कारण नारळाचे दूध उन्हाळ्यात फार लवकर आंबते. शिजलेला भातही तासन्‌तास उघड्यावर ठेवू नये.

आणि येथेच माझ्या भाषणातील मुख्य प्रश्न उभा राहतो. सव्वा किलो वाल एकटीने सोलायचे म्हटले तर दोन-तीन तास सहज जातात. आपली शाकाहारी पाककला घरांतून मागे पडत चालली आहे, आचाऱ्याचे पनीर तिच्या जागी येत आहे, याबद्दल आपले बंधू हळहळतात. परंतु ती चव गेली याचे कारण सुनांना ती आवडत नाही, हे नव्हे. नोकरीवरून सायंकाळी सातला घरी येणाऱ्या स्त्रीने रात्री एकटीने बिरडे सोलीत बसावे, ही अपेक्षा आता चालणार नाही, आणि चालू नये. पूर्वी हे काम ओटीवर चार जणी मिळून, गप्पा मारीत होत असे. आता त्या चार जणी एका घरात नाहीत. परंतु दोन पुरुष, एक मुलगा आणि एक मुलगी तर आहेत ना? चार जोडी हात लागले तर तेच काम तासाच्या आत होते. मोड आलेला वाल सोलायला चिमटीखेरीज कोणतेही कौशल्य लागत नाही. ज्या बंधूंना बिरडे प्रिय आहे, त्यांनी शनिवारी रात्री परातीभोवती बसावे. पाककलेच्या अभिमानाचे माप परातीपाशी बसण्यानेच होईल.

पाहुण्यांविषयी दोन शब्द. आमंत्रण देतानाच ‘आपल्याला काय चालत नाही?’ हे मोकळेपणाने विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. जैन पाहुणा असेल तर कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. त्याच्यासाठी हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे बिरडे आधी काढून ठेवावे, ते नैवेद्याला होतेच. हल्ली दूधतूपही न घेणारे तरुण भेटतात. त्यांना बिरडे, अळूवडी व सोलकढी निःशंकपणे वाढता येते, कारण त्यांत दुधाचा थेंब नसतो. लपलेल्या वस्तूंकडे लक्ष द्यावे. मासळी तळलेल्या तेलात पापड तळू नयेत, सोड्यांच्या भांड्यातील पळी भाजीत घालू नये, केकमध्ये अंडे आणि तयार जेलीत प्राणिज सरस असू शकतो हे लक्षात ठेवावे. विकतच्या वेष्टनावरील खूण पाहावी: हिरव्या चौकटीत हिरवा वाटोळा ठिपका म्हणजे शाकाहारी, मांसाहारी पदार्थासाठी २०२० च्या नियमांनी तपकिरी चौकटीत त्रिकोण ठरविला आहे. पाहुण्याने आपल्यावर टाकलेला विश्वास त्याच्या नजरेआडही पाळावयाचा असतो.

ह्या साऱ्यातून कोणी असा अर्थ काढू नये, की शाकाहार उच्च आणि मत्स्याहार नीच असे मी सुचवीत आहे. पानावरून माणसाची प्रत ठरविण्याची सवय आपल्या समाजाने पुष्कळ भोगली आहे. ती आपण कोणत्याही बाजूने चालवू नये. ज्या घरात कोलंबी प्रेमाने रांधली जाते, त्याच घरात बिरडेही तितक्याच प्रेमाने रांधले जावे, इतकेच माझे मागणे आहे.

शेवटी एक सूचना. आपल्याच मुंबईतील पाठारे प्रभू ज्ञातीच्या लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि घरोघर पोहोचली. ज्ञान लिहून ठेवले तरच टिकते, ह्याचे हे दोन दाखले होत. आपल्या घराघरांतील वृद्ध स्त्रियांच्या हातांत निनाव्याचे आणि कानवल्यांचे जे ज्ञान आहे, ते ‘अंदाजाने घालते’ एवढ्यावर राहू देऊ नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या मुठीतले पीठ वाटीने मोजा, आणि तो कागद महिला शाखेकडे द्या. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ती पाने छापता आली, तर आजच्या भाषणाचे चीज झाले असे मी मानीन.

पाने मांडली जात आहेत; आता अधिक बोलणे हा अन्नाचा अवमान होईल.