नवे पीक आणि वाट पाहण्याची किंमत



पीक वैविध्यीकरणावर उत्तर लिहिताना बहुतेक जण हवामान आणि माती यांपाशीच थांबतात. म्हणून आपल्याच राज्यातील एक उदाहरण घेऊ. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच, तर उत्तरेकडील सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटचे पठार १,००० मीटरहून उंच. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांची वसाहत १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे वसली आणि त्यांच्यासोबत कुट्टू हे डोंगराळ मुलखातील पीक रुजले. तेथे त्यास ‘टाऊ’ म्हणतात. हे तृणधान्य नव्हे. म्हणूनच त्याचे पीठ उत्तर भारतात उपवासाला चालते.

थंड हवा त्यास मानवली, हे खरेच. परंतु टाऊ सुमारे तीन महिन्यांत हाती येतो, हलक्या जमिनीतही तग धरतो. एखादा हंगाम फसला तरी नुकसान त्या हंगामापुरतेच. त्यामुळे स्थानिक शेतकऱ्यांनीही तो स्वीकारला. दर मात्र दूरच्या बाजारावर अवलंबून राहिला.

शेजारच्या जशपूर जिल्ह्यात सारूडीह येथे चहाची लागवड झाली. चहाला आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन लागते. ती मिळाली तरी भरघोस पानतोडणीस तीन ते पाच वर्षे लागतात. तोवर अल्पभूधारकाचे घर कशावर चालावे? माझ्या मते अनुदानाचा मोठा हिस्सा रोपांऐवजी या रिकाम्या वर्षांसाठी राखला पाहिजे.