चरित्रातली बाई कोठे आहे?



संमेलनाध्यक्षाने साहित्याच्या भवितव्यावर बोलावे अशी रीत आहे. आज मी ती मोडणार आहे आणि सरळ पुस्तकांची शिफारस करणार आहे. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातल्या स्त्रियांची कोणती चरित्रे वाचावीत, असे तरुण मुली मला विचारतात. मी त्यांना उलट विचारते : त्या चरित्रात बाई स्वतः किती बोलते?

हॅरिएट न्यूएलचेच घ्या. 1812 साली ती मिशनरी नवऱ्याबरोबर अमेरिकेहून कलकत्त्याला आली. कंपनी सरकारने मिशनऱ्यांना राहू दिले नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच ती बाळंत झाली, बाळ दगावले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तीही गेली. वय एकोणीस. ज्या कामासाठी निघाली, त्याला तिचा हातही लागला नाही. तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईत आपल्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आला. तिची रोजनिशी आणि पत्रे छापली गेली, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पण वाचकांनी त्यात शोधले ते तिचे मरण. पुढच्या कित्येक मिशनरी स्त्रियांची चरित्रे याच साच्यातून निघाली : भक्ती, प्रवास, ताप, शांत मृत्यू.

मार्गारेट विल्सन 1829 मध्ये मुंबईला आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये वारल्या. तीन वर्षांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. लेखक त्यांचे पती, डॉ. जॉन विल्सन. पुस्तक मोलाचे आहे, कारण बाईंची पत्रे त्यात भरपूर आहेत. मात्र निवड नवऱ्याची. नवऱ्याने लिहिलेल्या चरित्रातल्या बायका सहसा कोणावर चिडत नाहीत, हे तुमच्याही ध्यानात आले असेल.

पंडिता रमाबाई मात्र चिडतात. हेलन डायर आणि निकोल मॅक्निकल यांनी त्यांची इंग्रजी चरित्रे लिहिली, देवदत्त टिळकांनी मराठीत लिहिले. ती जरूर वाचा. पण माझी पहिली शिफारस त्यांच्या पत्रव्यवहाराची, जो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेली ही पंचवीस वर्षांची विधवा, कडेवरच्या लेकीसह, मनोरमेसह, परक्या देशात, दुसऱ्यांच्या आधारावर राहणारी. तिने गप्प बसावे अशीच सर्वांची अपेक्षा. ती बसत नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालते, मांसाहार नाकारते. पुरुष विद्यार्थ्यांना तिने शिकवू नये असे बिशप म्हणतात, तेव्हा हे ठरवणारे तुम्ही कोण, अशा सुरात उत्तर देते. ब्राह्मण पुरोहितांचे जू झुगारलेली बाई बिशपांचे जू मानेवर घ्यायला तयार नाही. सिस्टर जेराल्डाइन तिच्या धर्ममाता. त्या दुखावतात, रागावतात, उपदेश करतात. आणि गंमत अशी की ही सगळी पत्रे जपली, जुळवली ती खुद्द जेराल्डाइननेच! ज्या वादात आपली बाजू अनेकदा लंगडी दिसते, तो वाद त्यांनी फाडून टाकला नाही. या प्रामाणिकपणाचे मला फार अप्रूप वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची ओळख या सभेला करून द्यायला नको. तरी एक सांगते. नवऱ्याने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपले काय झाले हे ही बाई रडून सांगते आणि पुढच्याच पानावर आपल्याला हसवते. धर्मांतराची इतकी खरी हकीकत प्रवचनांतून सापडत नाही. नारायण वामन टिळक कवी म्हणून थोर. माणूस म्हणून ते आपल्याला कळले, ते बायकोने त्यांना देव्हाऱ्यात बसवले नाही म्हणून.

आता माझी तक्रार. मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार 1827 मध्ये एकटी मुंबईला आली आणि 1862 मध्ये अहमदनगरला वारली. तिच्या नगरच्या शाळा पाहून आपल्याला प्रेरणा मिळाली, असे जोतीराव फुल्यांनी सांगितले आहे. पण मिशनच्या शाळांत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आपल्या बाया कोण होत्या? गावोगाव पायी फिरणाऱ्या बायबल वुमन, वसतिगृहाच्या मेट्रन, दवाखान्यातल्या नर्स, रमाबाईंनी भाषांतरित केलेल्या बायबलचे खिळे केडगावच्या छापखान्यात जुळवणाऱ्या मुली? अहवालांत त्या नुसत्या पहिल्या नावाने येतात, कित्येकदा तेवढ्यानेही नाही. मडमसाहेबांची चरित्रे इंग्रजीत झाली; यांची मराठीतही झाली नाहीत.

साधने अगदीच नाहीत असे नाही. 1842 पासूनचा ‘ज्ञानोदय’ आहे, मंडळ्यांची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरे आहेत, घराघरांतल्या ट्रंकांत पत्रे आहेत. वाळवीला मात्र संमेलनाच्या ठरावाची गरज लागत नाही. म्हणून विनंती एवढीच : घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा, आजीच्या पिढीतल्या ज्या बाया अजून बोलू शकतात त्यांचे बोलणे उतरवून घ्या, आणि छापायला देताना त्यातली भांडणे गाळू नका.