रोजनिशीचे शेवटचे पान

रोजनिशी लिहिण्याचा संकल्प पुष्कळजण करतात. तो फेब्रुवारीचे तोंड पाहतोच असे नाही. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १ जानेवारी १६६० रोजी आरंभलेली रोजनिशी मात्र नऊ वर्षे पाच महिने चालली. तेव्हा तो २६ वर्षांचा साधा कारकून होता. त्याच वर्षी तो आरमाराच्या कचेरीत अधिकारपदावर गेला. तेथे दोरखंड, डांबर व इमारती लाकूड यांचे हिशेब तपासायचे आणि सवड मिळताच वहीत स्वतःचा हिशेब मांडायचा, असा त्याचा क्रम असे.

या दुसऱ्या हिशेबात लपवाछपवी नाही. १६६५ चा प्लेग आणि १६६६ ची लंडनची आग तीत आहेच. पण आग जवळ येताच बागेत खड्डा खणून पुरलेले दारू आणि चीजही आहे. आयुष्यातील चहाचा पहिला पेला आहे. पत्नी एलिझाबेथशी झालेली भांडणे आहेत, आणि तिच्याशी केलेली प्रतारणाही आहे. हे सारे लघुलिपीत असल्यामुळे लेखणीला धीर आला असावा.

मग हे लेखन केवळ स्वतःसाठी होते काय? तसे असते तर त्याने वह्या जाळल्या असत्या. उलट त्या सहाही वह्या त्याने नीट बांधून आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवल्या. तो संग्रह पुढे केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे गेला. १८१९ पासून तीन वर्षे खपून जॉन स्मिथने ती लिपी उलगडली. त्या लिपीची किल्ली सांगणारे पुस्तक त्याच संग्रहात होते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते! १८२५ साली रोजनिशीतील निवडक भाग प्रसिद्ध झाला.

डोळे जातील या भीतीने पीप्सने ३१ मे १६६९ रोजी वही मिटली. डोळे गेले नाहीत; तो १७०३ पर्यंत जगला. परंतु त्याच नोव्हेंबरात २९ वर्षांची एलिझाबेथ तापाने वारली. तिच्याशी झालेल्या कलहांची बारीकसारीक नोंद ठेवणाऱ्या त्या रोजनिशीत तिच्या मृत्यूविषयी एक अक्षरही नाही.

पुढे प्रसंगोपात्त त्याने टिपणे केली. ही रोजनिशी मात्र पुन्हा उघडली नाही. मनुष्य दिवस लिहून ठेवतो, तेव्हा त्यांतला कोणता दिवस पुढे हवासा वाटेल हे त्याला कळत नसते. म्हणूनच सामान्य दिवसही टिपून ठेवावा.