सर्वांना सामावणारा डोंगर
युरोपातील स्कीइंगच्या अनेक पर्वतकेंद्रांवर उतारांना हिरवा, निळा, लाल आणि काळा असे काठिण्यदर्शक रंग दिलेले असतात, आणि नवशिक्यापासून निष्णातापर्यंत सर्वांची सोय पाहताना हे सारे रंग एकाच डोंगरावर आहेत की नाहीत, याचा विचार होतो. महाड-पोलादपूर परिसरात बर्फ नसला, तरी सहकुटुंब भेटीसाठी गड निवडताना हीच कसोटी लावावी, आणि तिला पुरेपूर उतरणारा गड निःसंशय रायगडच होय. हिरकणीवाडीतून १९९६ पासून चालणाऱ्या रज्जुमार्गाने, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या पाळण्याने, गुडघेदुखीने बेजार झालेल्या वृद्धांनाही १६७४ च्या राज्याभिषेकाचे स्थळ पाहता येते. धडधाकटांसाठी चित दरवाजाकडून पायऱ्यांची वाट आहे, त्यामुळे एकाच घरातील दोन पिढ्या निरनिराळ्या मार्गांनी निघून गडावरील होळीच्या माळावर भेटू शकतात, आणि ही सोय फार मोलाची आहे. समोरचा लिंगाणा मात्र प्रस्तरारोहण, म्हणजे दोराच्या आधाराने उभा कातळ चढण्याचे तंत्र, अवगत असणाऱ्यांचाच. पोलादपूर तालुक्यातील ढवळे गावाजवळचा चंद्रगड सराव असलेल्यांना झेपतो. तेथून महाबळेश्वरच्या आर्थर सीटकडे चढणारी रानवाट दमछाक करणारी असल्याने स्थानिक वाटाड्या सोबत हवाच. ऋतूही तितकाच निर्णायक ठरतो, कारण जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. म्हणून नवख्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा.