शिक्षा सरसकट, दाद एकेकट्याची



१९०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ब्राउन्सव्हिल गावी गोळीबार झाला. आळ आला तो काळ्या सैनिकांवर. अपराधी सापडेना; तेव्हा सोबत्यांची नावे सांगत नाहीत, या सबबीवर अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ जणांना खटल्याविनाच नामुष्कीचा दाखला देऊन घरी पाठविले. पेन्शन बुडाली.

काँग्रेस सदस्य ऑगस्टस हॉकिन्स यांनी आवाज उठविल्यावर १९७२ मध्ये तो दाखला सन्माननीय झाला. हयात असलेल्या डॉर्सी विलिस यांचे आयुष्य तोवर बूट पॉलिश करण्यात सरले होते.

आजही तेथे दाखला बदलून मागणाऱ्या सैनिकालाच अन्याय सिद्ध करावा लागतो. म्हणूनच अशा एकाकी अर्जामागे संघटित शक्ती उभी राहिली पाहिजे. सन्मान ही सरकारची मेहेरबानी नव्हे!