कसब हाती, दुकानही हाती
(ज्ञातिसंस्थेच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



हातच्या धंद्याने पोट भरत नाही, असे आज आपल्या घराघरांतून ऐकू येते. मुलगा शिकला की नोकरी धरतो आणि बापाची ऐरण अडगळीत पडते. हा समज कितपत खरा आहे, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

अमेरिकेत आमिश नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. लोकसंख्या सुमारे ४ लाख. मोटार बाळगावयाची नाही, बाहेरून विजेची तार घरात घ्यावयाची नाही, असा त्यांचा दंडक. मुले आठवीपर्यंतच शिकतात. १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांस तशी मुभा दिली. शेतजमीन महागली तेव्हा पुष्कळांनी सुतारकाम, लोहारकाम, घोडागाड्या बांधणे असे धंदे काढले. क्रेबिल व नोल्ट या अभ्यासकांनी १९९५ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. असे धंदे बुडण्याचे प्रमाण त्यांना शेकडा पाचांहूनही कमी आढळले.

यात चमत्कार काही नाही. मुलगा शाळा सुटताच वडिलांच्या वा शेजाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करतो. कारखाना घरालगत, म्हणून खर्च बेताचा. राहणी साधी, म्हणून नफा पुन्हा धंद्यातच पडतो. कोणाचे कोठार जळाले, तर सारी वस्ती जमून ते पुन्हा उभे करते. आणि बहुधा माल घडविणाराच गिऱ्हाइकाशी बोलतो.

बंधूंनो, हे गुण आपणांस परके आहेत काय? पेशवाईत कोकणातून पुण्यास गेलेल्या आपल्या त्वष्टा कासारांनी कसबा पेठेत तांबट आळी वसविली. तेथे घर आणि कारखाना एकच; विद्या बापाकडून लेकाकडे. तांबे ठोकता ठोकता कठीण होते, ते तापवून पुन्हा मऊ करावे लागते. शेवटी मठारकामाचे सारखे ठोके पडले की भांडे बळकट होते व झळकू लागते. ही विद्या पुस्तकातून येत नाही.

मग उणे कोठे पडले? अॅल्युमिनियम व स्टेनलेस स्टील आले, बंबाची जागा गॅसच्या गिझरने घेतली, हे खरेच. परंतु दुसरेही कारण आहे. भांडे घडविणारा एक आणि विकणारा दुसरा, अशी वाटणी झाली. कारागिरास वजनावर मजुरी, नफा दुकानदारास. गेल्या दोन दशकांत इंटॅक संस्थेच्या पुणे शाखेच्या साह्याने याच आळीत नव्या घडणीच्या वस्तू होऊ लागल्या आणि त्यांस गिऱ्हाईकही मिळाले. म्हणजे कसबाची किंमत सरलेली नाही. ती जाणणाऱ्याशी गाठ पडावयास हवी.

मुलांना आठवीत थांबवा, असे मी, ज्याने आयुष्य खडूफळ्यापाशी घालविले तो, कसे म्हणेन? उलट त्यांना पुष्कळ शिकवा. मात्र हिशेब, रेखाकला व पत्रव्यवहार हे ज्ञान त्यांनी ऐरणीपाशी परत आणावे, एवढेच मागणे आहे.

यास्तव संस्थेस तीन विनंत्या करतो. शिष्यवृत्तीबरोबर हत्यारांसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे. उमेदवारी करणाऱ्या मुलांस विद्यावेतन द्यावे. आणि सर्व कारागिरांचे मिळून एक विक्रीचे दुकान काढावे, ज्यात प्रत्येक वस्तूवर घडविणाऱ्याचे नाव असेल. ज्या वस्तूवर नाव आहे, ती कोणी हलकी घडवीत नाही.