दिल्लीला निघण्याआधी घरात विचारा



मुरगूडच्या परिसरात कुणी दिल्ली बघायला जायचं ठरवलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या यात्रा कंपनीबरोबर जायचं? दिल्ली, आग्रा, मथुरा, हरिद्वार, ऋषिकेश, जमलं तर अमृतसर, सगळं दहा-बारा दिवसांत. यादी जितकी लांब तितका पैसा वसूल, असा आपला हिशेब. त्या यादीत दिल्लीच्या वाट्याला बहुधा एक दिवस येतो आणि त्यातलाही बराचसा वेळ बसच्या खिडकीत जातो.

दिल्ली आपल्याला अगदीच परकी नाही. सदाशिवराव मंडलिक १९९८ पासून २०१४ पर्यंत कोल्हापूरचे खासदार होते. शिष्टमंडळात, मोर्चात किंवा कुठल्या कामासाठी दिल्ली पाहून आलेले पुरुष आमच्याकडे गावोगाव भेटतात. त्यांच्या घरातल्या बायकांची दिल्ली मात्र राहून गेली. ती आता साठीनंतर, उसाचं बिल आल्यावर, मुलगा कमावता झाल्यावर घडते आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत एकदाच घडते. म्हणून ती नीट घडावी, एवढ्यासाठी हे बोलतो आहे.

आमच्या शेजारच्या गावातल्या एक आक्का अशाच एका सहलीला गेल्या होत्या. परत आल्यावर फोटो दाखवत होत्या. लाल किल्ल्यासमोर उभ्या, इंडिया गेटसमोर उभ्या. मी विचारलं, "आक्का, काय आवडलं?" त्या म्हणाल्या, "समदं चांगलं हाय मास्तर. पर माझ्या भावाचं नाव काय घावलं न्हाई. वीस मिन्टं गाडी थांबवली. मी त्या कमानीवर बघत हुते, तवर शिट्टी झाली." त्यांचा भाऊ १९७१ च्या युद्धात गेला. पन्नास वर्षांनी त्या दिल्लीला गेल्या त्या मुख्यतः तेवढ्याचसाठी. पण हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आता यात एक माहितीची गोष्ट आहे. इंडिया गेटवर जी नावं कोरली आहेत, ती पहिलं महायुद्ध आणि त्यानंतरचं तिसरं अफगाण युद्ध, या काळातल्या सैनिकांची. तेरा हजारांहून जास्त नावं आहेत. पण स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतलं एकही नाव त्यात नाही. वीस मिनिटांऐवजी दोन तास मिळाले असते तरी आक्कांना त्या कमानीवर काही सापडलं नसतं. स्वातंत्र्यानंतर देशासाठी पडलेल्या सैनिकांची नावं आहेत ती राष्ट्रीय समर स्मारकात. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. ते इंडिया गेटच्या अगदी लगत आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. पूर्वी इंडिया गेटखाली तेवणारी अमर जवान ज्योतही जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या ज्योतीत विलीन केली. एकात एक अशी वर्तुळं आहेत, त्यातल्या 'त्याग चक्रा'च्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका पाटीवर एकेक नाव सोन्याच्या अक्षरांत आहे. पंचवीस हजारांहून जास्त पाट्या. आधी काही न शोधता गेलात तर तिथेही हरवायला होतं. म्हणून घरातून निघण्यापूर्वी सैनिकाचा क्रमांक, रेजिमेंट आणि वर्ष एका कागदावर लिहून घ्यावं. जुन्या पेन्शनच्या कागदावर ते असतं. स्मारकाच्या संकेतस्थळावर नावानं शोध घेता येतो. घरातला कॉलेजचा मुलगा ते काम सहज करून देईल. ज्या जिल्ह्यात एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे, तिथल्या माणसांना हे सांगायला लागू नये खरं तर. पण सहलीच्या छापील पत्रकात हे स्मारक असलं तरी 'इंडिया गेट परिसर' एवढ्यातच उरकलेलं असतं.

तेव्हा बेत आखण्याची सुरुवात नकाशापासून नको, घरापासून करा. येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, तुला तिथं काय बघायचंय? एकच गोष्ट सांगायला लावा. कुणी ताजमहाल म्हणेल, कुणी राष्ट्रपती भवनाची बाग, कुणाला मेट्रोत बसायचं असेल. नातवाला विमानतळ बघायचा असेल, तर तेही लिहून घ्या. सहा माणसांच्या सहा गोष्टी झाल्या, की चार-पाच दिवस आपोआप भरतात. उरलेल्या वेळेत जे दिसेल ते फायद्यात.

दिवस कुठले धरायचे, हा पुढचा मुद्दा. आपल्याला सुट्ट्या असतात दिवाळीत आणि मे महिन्यात. दिल्लीला जायला हे दोन्ही वाईट. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. दिवाळीनंतर हवा इतकी धुरकट होते, की दम्याच्या माणसानं तिकडे फिरकूच नये. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यानं गाड्या तासन् तास उशिरा धावतात. शिवाय प्रजासत्ताक दिनाच्या आधी लाल किल्ला आणि कर्तव्य पथाच्या बाजूचे रस्ते बंदोबस्तात सापडतात. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्चचा पहिला, हा खरा काळ. राष्ट्रपती भवनाची बाग, जिला आता अमृत उद्यान म्हणतात, तीही साधारण याच दिवसांत लोकांसाठी उघडी असते. शाळेच्या मुलांची परीक्षा जवळ आलेली असते, हे मान्य. पण शेतकऱ्याच्या घरात ऊस गेलेला असला तर वडीलधाऱ्यांना हेच दिवस मोकळे. मुलं पुढच्या वेळी जातील, त्यांच्या पायात अजून जोर आहे.

आमच्या बाजूनं सोयीची गाडी म्हणजे मिरजेवरून जाणारी गोवा एक्सप्रेस. कोल्हापूरहूनही आठवड्यातून एकदा हजरत निजामुद्दीनला गाडी आहे. मिरजेतून रात्री बसलं, की पुढचा सगळा दिवस गाडीत आणि त्यानंतरच्या सकाळी निजामुद्दीन. म्हातारी माणसं बरोबर असतील तर खालचे बर्थ आधी मिळवा. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. ती धरून खर्चाचा अंदाज बांधू नका.

वार जपायचे ते दोन, सोमवार आणि शुक्रवार. सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, कमळ मंदिर, अमृत उद्यान सगळं बंद. शुक्रवारी ताजमहाल बंद. रविवारी रात्री मिरजेतून निघालात तर मंगळवारी सकाळी पोचता आणि सोमवार गाडीतच जातो. पहिल्या दिवशी काही बघायचं नाही. आंघोळ, जेवण, झोप आणि संध्याकाळी बंगला साहिब गुरुद्वारा. डोक्यावर पदर किंवा रुमाल घ्यायचा, सरोवराच्या काठी बसायचं, लंगरमध्ये जेवायचं. वारकरी घरातल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

राहायला पहाडगंज किंवा करोलबाग. पहाडगंजात मराठी माणसांची जुनी वस्ती, तिथं नूतन मराठी शाळा आहे. गल्ल्या गजबजलेल्या आहेत, पण नवी दिल्ली स्टेशन आणि मेट्रो चालत गाठता येते. महाराष्ट्र सदनात खोली मिळेल या भरवशावर निघू नका. तिथं सरकारी कामाच्या माणसांची रांग आधी असते. सगळे दिवस एकाच ठिकाणी मुक्काम ठेवा. रोज सामान बांधण्यात वडीलधाऱ्यांचा जीव निम्मा होतो. स्टेशनाबाहेर कुणी गोड बोलून "तुमचं हॉटेल बंद झालंय, दुसरं दाखवतो" म्हणालं, तर सरळ पुढे चालू लागा. आणि रिक्षावाला स्वतःहून 'सरकारी एम्पोरियम' दाखवायला निघाला, तर उतरून मेट्रो धरा. मेट्रोत सरकते जिने, लिफ्ट आहेत, आणि पहिला डबा बायकांचा असतो.

बुधवारी लाल किल्ला. तपासणीच्या रांगेत वेळ जातो म्हणून सकाळी लवकर. आत दिवाण-ए-खासमध्ये गाइड वर बोट दाखवून हमखास सांगतो, की या छताची चांदी मराठ्यांनी काढून नेली. ते खरं आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी ती काढून तिची नाणी पाडली, कारण फौजेच्या पगाराला पैसा नव्हता. पाच-सहा महिन्यांनी पानिपत झालं. पण गाइड पुढचं सांगत नाही. १७८८ मध्ये गुलाम कादिरनं याच किल्ल्यात बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा त्याची सुटका करून त्याला पुन्हा गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांच्या फौजेनं. आपण तिथं उभे असताना हे दोन्ही माहीत असावं. १७३७ मध्ये बाजीराव ज्या तालकटोऱ्याजवळ येऊन धडकले होते, तिथल्या स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगलीच्या तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. जाता जाता बसमधून दाखवलं तरी चालेल, उतरून बघण्यासारखं फार नाही.

गुरुवारी आग्रा. निजामुद्दीनहून सकाळी गतिमान एक्सप्रेस आहे, पावणेदोन तासांच्या आत नेते, संध्याकाळी परत आणते. ताजमहालाइतकाच वेळ आग्र्याच्या किल्ल्याला द्या. १६६६ साली महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते याच किल्ल्यात. किल्ल्यासमोर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे.

शुक्रवार पूर्ण मोकळा ठेवा तो समर स्मारकासाठी. सकाळी अमृत उद्यान, दुपारी खोलीवर विश्रांती आणि ऊन उतरल्यावर स्मारक. त्यानंतर काहीही ठेवू नका. तिथं नाव सापडलं, की माणसं पाटीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहतात. त्यांना कुणी घाई करू नये.

शनिवारी कुतुबमिनार. १९८१ च्या चेंगराचेंगरीत पंचेचाळीस जण दगावले, तेव्हापासून वर चढू देत नाहीत. त्यामुळे गुडघेदुखीचं माणूस आणि तरुण पोरगा दोघंही खालूनच बघतात. हुमायूनची कबर मात्र उंच जोत्यावर आहे, पायऱ्या खड्या आहेत. ज्यांना झेपत नाही त्यांना खाली बागेत बसवा. ती निजामुद्दीन स्टेशनच्या जवळ असल्यानं रविवारी दुपारची परतीची गाडी पकडायच्या आधीही बघून होते.

फेब्रुवारीत दिल्लीला सकाळ-संध्याकाळ चांगली थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी विसरू नका. गाडीसाठी भाकरी, चटणी, शेंगदाण्याचे लाडू घरूनच न्या. आणि आरक्षण आता साठ दिवस आधी खुलं होतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. समजा १५ फेब्रुवारीला निघायचं, तर १७ डिसेंबरला सकाळी आठ वाजता तिकीट काढायला कुणीतरी बसलेलं असावं.